घरी बांधलेल्या कॉम्पोझिट विमानासाठी फिलर : चार पर्यायांचे परीक्षण

फोमच्या गाभ्यावर काचेचे कापड आणि इपॉक्सी चढवून बांधलेले विमान साच्यातून निघत नाही, म्हणून त्याचा पृष्ठभाग शेवटी हातानेच घडवावा लागतो. बर्ट रुटान यांनी १९७५ साली व्हॅरीईझी आणि १९७९ साली लाँग-ईझी ही विमाने आकाशात नेली आणि कॅलिफोर्नियातील मोहावी येथून त्यांचे आराखडे हौशी बांधकऱ्यांना विकले. साच्याशिवाय बांधण्याची ही पद्धत तेव्हापासून जगभर रुळली. नॅट पफर यांचे चार आसनी कोझी मार्क फोर हे त्याच घराण्यातले विमान असून मिशिगनमधील माझ्या गॅरेजमध्ये सध्या तेच उभे राहत आहे. या सर्व विमानांत काचकापडाच्या वर आणि रंगाच्या खाली एक थर असतो, जो कोणताही भार उचलत नाही, पण विमानाचा आकार किती खरा उतरला, वजन किती वाढले आणि रंग किती वर्षे टिकणार हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. तो थर म्हणजे फिलर. कोझीच्या निरनिराळ्या भागांवर वापरून पाहिलेल्या चार पर्यायांचे हे परीक्षण आहे. थ्रीएम कंपनीचे काचेचे मायक्रोबलून इपॉक्सीत स्वतः कालवून केलेले मिश्रण, पॉली-फायबरचे तयार सुपरफिल, वेस्ट सिस्टिमची ४१० क्रमांकाची मायक्रोलाइट पूड आणि मोटारगाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये वापरली जाणारी पॉलिएस्टर पुट्टी, असे हे चार पर्याय आहेत.

हे काम केवळ दिसण्यासाठी असते, असा समज बराच पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. लाँग-ईझीच्या पुढच्या छोट्या पंखाला, म्हणजे कॅनार्डला, सुरुवातीला ग्लासगो विद्यापीठात तयार झालेला जीयू छेद, म्हणजे पंख आडवा कापला तर दिसणारा आकार, दिला होता. त्या छेदावरचा हवेचा प्रवाह बराच अंतर सुरळीत, थराथराने वाहणारा असे; परंतु पावसाचे थेंब पृष्ठभागावर बसले की तो प्रवाह बिघडे, कॅनार्डची उचल कमी होई आणि विमानाचे नाक खाली झुकू लागे. वैमानिकाला दांडी मागे ओढून धरावी लागे. पुढे जॉन रॉन्झ यांनी पावसाची फारशी पर्वा न करणारा नवा छेद दिला आणि कोझीवर आज तोच वापरला जातो. तरीही धडा कायम आहे. पाण्याच्या थेंबाएवढा उंचवटा जर उचल घटवू शकतो, तर अग्रकडेपासून थोड्या अंतरावर फिलरने सोडलेली लाट काय करील, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. त्यामुळे फिलर निवडताना ‘कोणता हलका’ या प्रश्नापेक्षा ‘कोणत्या फिलरने मी सलग, लाटरहित पृष्ठभाग घडवू शकतो’ हा प्रश्न मी आधी विचारतो.

लाट येते कुठून, हे समजले की निवड निम्मी सोपी होते. लांब फळीवर पॉलिश पेपर चिकटवून आपण घासतो तेव्हा फळी मऊ जागा लवकर खाते आणि कठीण जागेवरून सरकून जाते. एकाच पंखावर एके ठिकाणी मऊ आणि शेजारी कठीण फिलर असेल, तर कितीही काळजीने घासले तरी मऊ ठिकाणी खळगा आणि कठीण ठिकाणी टेकाड उरते. घासणाऱ्याच्या हाताला ते कळत नाही. चकचकीत रंग चढला आणि ट्यूबलाइटचे प्रतिबिंब वाकडे दिसू लागले की मग कळते. म्हणून एका पृष्ठभागावर एकच फिलर, तेही एकाच प्रमाणात कालवलेले, हा माझा पहिला निकष आहे. खालच्या इपॉक्सीशी त्याची पकड, उन्हात तापल्यावर त्याचे वागणे आणि घासून झाल्यावर विमानावर उरणारे त्याचे वजन हे निकष त्यानंतर येतात. डब्यात फिलर किती हलके वाटते, याला मी फारसे महत्त्व देत नाही.

या निकषांवर सर्वांत वर उभे राहते ते मायक्रोबलूनचे घरी कालवलेले मिश्रण. मायक्रोबलून म्हणजे डोळ्यांना मैद्यासारख्या दिसणाऱ्या, आतून पोकळ अशा काचेच्या अतिसूक्ष्म गोळ्या. थ्रीएमच्या के१५ या प्रतीची घनता दर घनसेंटिमीटरला ०.१५ ग्रॅम असून ती चौरस इंचाला सुमारे ३०० पौंडांचा दाब सोसते. के२० थोडी जड आणि अधिक मजबूत, तर के३७ त्याहून पुष्कळ जड आणि पुष्कळ मजबूत आहे. विमानाच्या बाह्य पृष्ठभागावरच्या फिलरला दाब जवळजवळ येतच नाही, त्यामुळे के१५ पुरेशी आहे. जड प्रतींसाठी जास्त पैसे मोजून काहीही हाती लागत नाही. इपॉक्सी आपल्याच हातातली असते, म्हणून रचनेतल्या थरांशी तिचे जमेल का, हा प्रश्नही उरत नाही.

रुटान यांच्या आराखड्यांनी या मिश्रणाची तीन रूपे रूढ केली आणि बांधकरी आजही तीच भाषा बोलतात. गोळ्या आणि इपॉक्सी आकारमानाने साधारण एकास एक घेतल्या की स्लरी होते, जी कापड चढवण्यापूर्वी फोमची उघडी छिद्रे भरण्यासाठी लावतात. दोन ते चार पट गोळ्या घातल्या की ओले मायक्रो होते, ज्याने फोमचे तुकडे एकमेकांना जोडतात. पाच पट किंवा त्याहून अधिक घातल्या की कोरडे मायक्रो होते आणि पृष्ठभाग घडवण्यासाठी हवे ते हेच. नीट जमलेले कोरडे मायक्रो रात्रभर टांगलेल्या चक्क्यासारखे असते : पट्टीवर उचलले की ओघळत नाही, कडेला किंचित भुरभुरते आणि उभ्या पृष्ठभागावर थापले तरी जागा सोडत नाही. मिश्रणाला अजूनही चमक दिसत असेल, तर गोळ्या कमी पडल्या आहेत असे समजावे. अशा ओलसर मिश्रणाने काम सोपे वाटते, कारण ते लोण्यासारखे पसरते. परंतु ते सुकल्यावर कठीण होते, वजन वाढवते आणि घासताना शेजारच्या कोरड्या जागेशी त्याची जोडी जमत नाही.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे, कारण या फिलरचा गुण आणि दोष दोन्ही त्यातून उलगडतात. गोळ्यांचा ढीग ओतला तर त्यातील सुमारे ६० टक्के जागा गोळ्या व्यापतात आणि उरलेली ४० टक्के जागा फटींची असते. अडीच लिटर ढिगातल्या फटी भरायला बरोबर एक लिटर इपॉक्सी लागेल. इपॉक्सीचे वजन लिटरला सुमारे १.१२ किलो धरले, तर या मिश्रणाची घनता ०.५४ च्या आसपास येते. पाच लिटर ढिगाला तीच एक लिटर इपॉक्सी दिली, तर फटींपैकी निम्म्या रिकाम्या राहतात. कालवताना आणि थापताना त्यांतली बरीचशी हवा निघून जाते, मिश्रणाची घनता ०.४ पर्यंत उतरते आणि घासणे फार सोपे होते. मात्र अडकून राहिलेली हवा घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांच्या रूपाने वर येते. हलकेपणा आणि छिद्रे ही एकाच कारणाची दोन फळे आहेत. छिद्रे टाळण्यासाठी मिश्रण ओले करणाऱ्याने वजन आणि कठीणपणा पत्करलेला असतो. मिश्रण कोरडे ठेवून छिद्रांचा बंदोबस्त नंतर करणे मला अधिक योग्य वाटते. तो कसा करावा, ते पुढे सांगितले आहे.

कॅनार्डवर हे मिश्रण लावण्याची पद्धत थोडी तपशिलाने सांगतो, कारण फिलरबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ फिलरमध्ये नसून त्याखालच्या तयारीत असते. काचकापडाचा थर पक्का झाल्यावर त्याची चमक पूर्ण जाईपर्यंत तो हलक्या हाताने खरवडावा लागतो. थर चढवताना वर पीलप्लाय, म्हणजे नंतर सोलून काढायचे कापड, लावलेले असेल, तर ते सोलले की पृष्ठभाग बराचसा खरखरीत मिळतो आणि विणीतले खळगेही कमी राहतात. काही हार्डनर, म्हणजे इपॉक्सी पक्की करणारे दुसरे घटक, दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट, पाण्यात विरघळणारा थर सोडतात. तो आधी साध्या पाण्याने धुऊन पुसला पाहिजे, कारण न धुता घासले तर तोच मेणचटपणा पॉलिश पेपरने सर्वत्र पसरतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात असे काम करणाऱ्याने ही पायरी कधीही गाळू नये. त्यानंतर नुसत्या इपॉक्सीचा किंवा पातळ स्लरीचा इतका पातळ हात फिरवावा की पृष्ठभाग फक्त ओलसर दिसेल, आणि तो ओला असतानाच कोरडे मायक्रो थापावे. या ओलाव्याशिवाय थापलेले कोरडे मायक्रो खाली पकड घेत नाही, कारण त्याच्या स्वतःकडे देण्याजोगी इपॉक्सी शिल्लक नसते.

थापताना संपूर्ण पंखाची एक बाजू एकाच बैठकीत पूर्ण करावी. आज अर्धी आणि उद्या अर्धी असे केल्यास मधल्या सांध्यावर कठीणपणा बदलतो आणि नेमकी तिथेच लाट उमटते. त्यासाठी इपॉक्सी आणि गोळ्या वजनाने मोजून ठेवाव्यात, म्हणजे दर वेळी कालवलेले मिश्रण सारखे निघते. मापी कपाने मोजले तर गोळ्या कधी सैल, कधी दाबून भरल्या जातात. मोठ्या भांड्यात एकदम बरेच मिश्रण मात्र कालवू नये. पोकळ गोळ्या उष्णता अडवतात, त्यामुळे इपॉक्सी पक्की होताना निघणारी उष्णता भांड्यातच कोंडली जाते आणि मिश्रण हातातच धुमसू लागते. पसरट ताटात थोडे थोडे कालवणे चांगले.

दुसऱ्या दिवशी घासायला घ्यावे. त्याहून उशीर केला तर तेच मायक्रो पुष्कळ कठीण होत जाते. ताठ लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या लांब फळीला ३६ किंवा ४० नंबरचा पेपर लावून पंखाच्या लांबीला तिरपे, एकदा एका कर्णाने आणि मग दुसऱ्या कर्णाने घासावे. उंचवटे आधी उघडे पडतात आणि खळग्यांत फिलर उरते. विणीच्या उंच धाग्यांची टोके दिसू लागली की त्या जागी हात थांबलाच पाहिजे. काचकापड कापून सपाटी मिळवणे म्हणजे रचनेची ताकद पुसून टाकणे होय आणि पंखाच्या मुख्य तुळईवरच्या पट्ट्यांत तर एकही धागा कापला जाता कामा नये. तिथे उंचवटा असेल, तर आजूबाजूची पातळी फिलरने वर आणावी. धुळीबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगतो. काचेच्या गोळ्यांची पूड कालवताना आणि सुकलेले मायक्रो घासताना नाकातोंडावर कापडी फडके पुरत नाही. घट्ट बसणारा, बदलत्या गाळण्यांचा मास्कच हवा, आणि इपॉक्सी हाताळताना नायट्राइलचे हातमोजे. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सोबत राहते आणि बांधकरी प्रकल्पच सोडून देतात.

दुसरा पर्याय सुपरफिल. हे दोन भागांचे, तयार, इपॉक्सीवरच आधारलेले फिलर असून दोन्ही भागांत हलक्या पोकळ गोळ्या आधीच मिसळलेल्या असतात. दोन भागांचे रंग वेगळे असल्यामुळे मिश्रणात एकही रेघ उरली नाही, म्हणजे ते नीट कालवले गेले, हे नजरेलाच कळते. याचा खरा गुण एकसारखेपणा हा आहे. कारखान्यात कालवलेले असल्याने प्रत्येक वेळचे मिश्रण कठीणपणात सारखे येते, पट्टीखाली ते गुळगुळीत पसरते, घरच्या कोरड्या मायक्रोपेक्षा त्यात छिद्रे खूपच कमी असतात आणि ते आकसत नाही. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याला, ज्याला कोरडे आणि ओले मायक्रो यांतला फरक अजून हाताने ओळखता येत नाही, मी निःसंकोचपणे सुपरफिल सुचवीन. इंजिनावरचे काउलिंग, चाकांची आवरणे, पंख जिथे धडाला मिळतो तिथली गोलाई अशा छोट्या आणि वळणदार भागांवर तर ते घरच्या मिश्रणापेक्षा सरस आहे. डब्यावरचे प्रमाण डिजिटल काट्यावर वजनाने मोजले, तर काम बिघडण्याचा प्रश्न येत नाही.

मग संपूर्ण विमान सुपरफिलनेच का करू नये? एक कारण खर्चाचे : चार आसनी विमानाच्या साऱ्या पृष्ठभागाला लागणारे तयार फिलर घेण्याचा खर्च गोळ्यांची पोती आणि इपॉक्सी घेण्याच्या खर्चाहून बराच अधिक होतो, आणि लावलेल्या फिलरचा मोठा हिस्सा शेवटी घासून जमिनीवरच पडतो. दुसरे आणि माझ्या दृष्टीने मोठे कारण असे की, तयार फिलरमध्ये प्रमाण आपल्या हातात राहत नाही. विंगलेटवर, म्हणजे पंखाच्या टोकावरच्या उभ्या पाटीवर, जाड थर द्यायचा असेल, तर मायक्रो आणखी कोरडे करता येते. विणीतले बारीक खळगे भरायचे असतील, तर किंचित सैल करता येते. सुपरफिल जसे येते तसेच वापरावे लागते. माझ्या मते पंख आणि कॅनार्डसाठी घरचे मायक्रो आणि वळणदार भागांसाठी सुपरफिल ही विभागणी उत्तम आहे. ती पाळताना दोन्ही फिलरची हद्द नैसर्गिक सांध्यावरच आणावी, म्हणजे एका सलग पृष्ठभागावर दोन कठीणपणा शेजारी येणार नाहीत.

वेस्ट सिस्टिमचे ४१० मायक्रोलाइट नौका बांधणाऱ्यांत फार लोकप्रिय आहे आणि त्या लोकप्रियतेला कारण आहे. घासायला इतके सोपे फिलर मी दुसरे पाहिले नाही. ही फिकट तपकिरी पूड इपॉक्सीत पटकन मिसळते, मिश्रण लोण्यासारखे होते आणि सुकल्यावर फळीखाली खडूसारखे निघते. परंतु तिच्यातल्या पोकळ गोळ्या काचेच्या नसून उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या आहेत. गडद रंगाखाली आणि जास्त तापणाऱ्या पृष्ठभागांवर ही पूड वापरू नये, असे उत्पादक स्वतःच सांगतो आणि तो मोकळेपणा मला आवडला. विमानाच्या बाबतीत ही सूचना दुप्पट गंभीरपणे घ्यावी लागते. साध्या खोलीच्या तापमानाला पक्क्या होणाऱ्या बहुतेक इपॉक्सी ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागतात आणि पंखातला पॉलिस्टायरीन फोमही उष्णतेपुढे फार तग धरत नाही. ही विमाने बहुधा पांढरीच का असतात, याचे उत्तर यातच आहे : धावपट्टीशेजारी भर उन्हात उभ्या राहिलेल्या पांढऱ्या पंखाचे तापमान आटोक्यात राहते, काळ्या पंखाचे ८० अंशांच्या वर जाऊ शकते. विमान पांढरे असले तरी त्यावर गडद पट्टे आणि नोंदणीची अक्षरे येतातच. त्यांच्या खाली कोणते फिलर आहे, हे दहा वर्षांनी पट्टा बदलणाऱ्या नव्या मालकाला ठाऊक नसते. काउलिंगच्या आत तर इंजिनाचीच उष्णता असते. म्हणून ४१० मी विमानाच्या बाहेरील पृष्ठभागासाठी बाद ठरवले असून केबिनमधल्या आसनांच्या कडा, हातटेक, उपकरणफलकाची चौकट अशा सावलीतल्या कामांपुरतेच ते ठेवले आहे. तिथे ते अतिशय चांगले आहे. त्याच कंपनीची ४०७ क्रमांकाची लालसर तपकिरी पूड घासायला त्याहून थोडी कठीण, पण उष्णतेच्या बाबतीत अधिक भरवशाची आहे, आणि तिच्या रंगामुळे घासताना काचकापड कुठे उघडे पडले ते लगेच दिसते. ज्याला थ्रीएमच्या गोळ्या मिळत नसतील, त्याने ४१० ऐवजी ४०७ कडे वळावे.

चौथा पर्याय मोटारींची पॉलिएस्टर पुट्टी, जिला आपल्याकडचे पेंटर लांबी म्हणतात. हा पर्याय परीक्षणात घेतला, कारण नवे बांधकरी हमखास विचारतात : काही मिनिटांत सुकते, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, मग का नको? कारणे अनेक आहेत. तिच्यातला भराव मुख्यतः शंखजिऱ्याच्या पुडीचा असतो आणि नेहमीच्या पुट्टीची घनता १.८ च्या घरात असते. कोझीएवढ्या विमानाचा पृष्ठभाग हिशेबासाठी ३० चौरस मीटर धरला आणि घासून झाल्यावर सरासरी अर्धा मिलिमीटर थर उरतो असे मानले, तर फिलर १५ लिटर होते. कोरड्या मायक्रोचे त्याचे वजन सहा किलोच्या आसपास, तर पुट्टीचे २७ किलो. हा २१ किलोंचा फरक म्हणजे सुमारे २९ लिटर पेट्रोल, लायकॉमिंग ओ-३६० इंजिनाचे जवळपास पाऊण तासाचे. कॅनार्ड विमानात पंख, विंगलेट आणि इंजिन हे सारे गुरुत्वमध्याच्या मागे असल्यामुळे पंखांवरचे जादा वजन संतुलनही मागे ढकलते आणि ते सावरण्यासाठी नाकात शिसे ठेवण्याची पाळी येऊ शकते. त्याखेरीज पुट्टीतले स्टायरीन पॉलिस्टायरीन फोम विरघळवते. इपॉक्सी पूर्ण पक्की झालेली नसेल, तर तिच्यातले अमाइन पुट्टीला नीट सुकू देत नाही. ती आकसते आणि ओलही धरते. आराखड्यांत तिला एक हक्काची जागा आहे, ती म्हणजे काम चालू असताना भाग जिगवर, म्हणजे बांधणीच्या आधारचौकटीवर, तात्पुरते पक्के धरण्याची, आणि नंतर ठोकून काढून टाकण्याची. त्या कामासाठी तिच्यासारखी दुसरी सोय नाही. एका स्थानिक पुरवठादाराने ‘कॉम्पोझिटसाठी खास हलकी’ म्हणून मला दिलेल्या डब्यावर घटकांत स्टायरीन छापलेले होते. म्हणून दुकानदार काय सांगतो यापेक्षा डब्यावरचे बारीक अक्षर वाचावे, असे मी आवर्जून सांगेन.

घट्टपणा वाढवणारी सिलिका आणि सुती फ्लॉक्स यांचाही उल्लेख हवा, कारण नवखे त्यांना फिलर समजतात. सिलिका मिश्रण ओघळू नये म्हणून चिमूटभर घालायची असते. तिचे प्रमाण वाढले की पृष्ठभाग घासता घासता हात भरून येतात. फ्लॉक्स म्हणजे कापसाचे बारीक तंतू, जे इपॉक्सीत कालवून सांध्यांना ताकद देण्यासाठी वापरतात. पृष्ठभाग भरण्याशी त्याचा संबंध नाही आणि उलट, जिथे फ्लॉक्स सांगितले आहे तिथे मायक्रो घालणे धोक्याचे आहे. मायक्रोला ताकद नसते. ते काचकापडाच्या दोन थरांच्या मध्ये कधीही येता कामा नये.

आता छिद्रांचा बंदोबस्त. घासून आकार पक्का झाल्यावर नुसती इपॉक्सी पृष्ठभागावर ओतून रबरी पट्टीने घट्ट ओढून घ्यावी, इतकी की वर फक्त पातळ पापुद्रा उरेल. ती चिकट होताच दुसरा, मग तिसरा असे काही हात एकाच दिवसात द्यावेत. इपॉक्सी छिद्रांत उतरते, वरचा सैल मायक्रो बांधला जातो आणि नंतर हलके घासल्यावर प्रायमरसाठी सलग, कणखर पृष्ठभाग मिळतो. हे हात शक्यतो खोलीचे तापमान उतरत असताना द्यावेत. तापमान चढत असेल, तर छिद्रांतली हवा प्रसरण पावून पापुद्र्यातून बुडबुडे काढते. दुसरा मार्ग पॉली-फायबरच्या स्मूद प्राइमचा. हा पाण्यावर आधारलेला इपॉक्सी प्रायमर रोलरने अनेक हात देऊन छिद्रे भरतो, त्याला उग्र वास नाही आणि घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ही मोठी सोय आहे. माझा कल पहिल्या पद्धतीकडे आहे, कारण तिच्यात पृष्ठभागावर नवे द्रव्य येत नाही. वर येणारा प्रायमर मात्र अतिनील किरण अडवणारा हवाच. पूर्वी त्यासाठी काजळी मिसळलेला काळा प्रायमर लावत, कारण ऊन थेट लागले तर इपॉक्सी काही वर्षांत निकामी होते.

एलरॉन आणि एलिव्हेटर, म्हणजे विमान कलवणाऱ्या आणि त्याचे नाक वर-खाली करणाऱ्या बिजागरीवरच्या हलत्या पाट्या, यांना वरचे सगळे नियम अधिक कडकपणे लागू करावे लागतात. बिजागरीच्या मागे पडलेला प्रत्येक ग्रॅम त्या पाटीचे संतुलन बिघडवतो आणि असंतुलित पाटी वेगात फडफडू लागली, तर काही क्षणांत विमान हातचे जाऊ शकते. म्हणून आराखड्यातली संतुलनाची चाचणी रंग झाल्यानंतर घ्यायची असते. या पाट्यांवर मी आकार सुधारण्यासाठी फिलर वापरत नाही. फक्त विणीतले खळगे भरतो आणि ते भरायला कोरडे मायक्रोच घेतो. पाटीचा आकारच चुकला असेल, तर फिलरचे थर चढवण्यापेक्षा पाटी नव्याने बांधणे स्वस्त पडते.

महाराष्ट्रात घरी बांधलेल्या विमानाचा विषय निघाला की कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांचे नाव साहजिकच येते. त्यांचे विमान धातूचे असल्याने तिथे हा प्रश्न या स्वरूपात आला नसावा. मात्र ड्रोन, मोठी रेडिओ-नियंत्रित मॉडेल, पवनचक्कीची पाती आणि नौका यांवर काम करणारे मराठी वाचक पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी खरेदीची एक गोष्ट नोंदवतो. भारतात कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या राखेतून मिळणाऱ्या पोकळ गोळ्या, म्हणजे सेनोस्फिअर, स्वस्त आणि मुबलक आहेत. त्या मजबूत असल्या तरी के१५ च्या कित्येक पट जड असतात आणि घासायलाही कठीण जातात. नौकेच्या तळासाठी त्या चालतील, उडणाऱ्या पृष्ठभागासाठी नाहीत. इपॉक्सीचे हार्डनर विमानाने मागवताना धोकादायक माल म्हणून अडते आणि त्याचा वाहतूक खर्च बराच वाढतो, हीच अडचण दोन भागांच्या तयार फिलरलाही येते. काचेच्या गोळ्या ही केवळ पूड आहे, ती सहज येते आणि कोरड्या जागी बंद डब्यात ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. इपॉक्सी स्थानिक घ्यावी, गोळ्या मागवाव्यात, आणि पंखावर हात घालण्याआधी त्याच इपॉक्सीचा आणि त्याच प्रमाणाचा एक तुकडा फोमवर थापून, घासून आणि उन्हात ठेवून पाहावा.